एसपी की मॅथ्स? अकरावीच्या फॉर्ममागची मुंबई

जून उजाडला की कनिष्ठ महाविद्यालयाच्या खिडकीपाशी दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो. "मॅडम, एसपी घेऊ की मॅथ्स?" एसपी म्हणजे सेक्रेटेरिअल प्रॅक्टिस, कॉमर्सच्या मुलांचा कंपनी सेक्रेटरीच्या कामाचा विषय. गेल्या वर्षी एक मुलगी आईला घेऊन आली होती. आई लालबागला पोळीभाजी केंद्र चालवते. मुलीचे पुढे मॅनेजमेंट करायचे पक्के. फॉर्मवर इंग्रजी, बीके (पुस्तपालन, म्हणजे हिशेब लिहिणे), इको (अर्थशास्त्र) आणि ओसीएम (वाणिज्य संघटन व व्यवस्थापन) हे विषय आधीच छापलेले होते. तिने ठरवायच्या होत्या त्या दोनच चौकटी. एकीत दुसरी भाषा किंवा आयटी, दुसरीत एसपी किंवा मॅथ्स. आईने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "यातलं मॅनेजर व्हायचं नेमकं कशात शिकवतात?"

वाणिज्य शिकवायला लागून मला बरीच वर्षे झाली, तरी या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्या फॉर्मवरचे विषय एकाच वेळी, एकाच हेतूने ठरलेले नाहीत. मुंबईला ज्या काळात ज्या प्रकारचा माणूस हवा होता, त्याच्यासाठी एकेक विषय आला आणि तिथेच राहिला.

सुरुवातीला तर शाळेचा या गोष्टीशी संबंधच नव्हता. काळबादेवी, भुलेश्वर, मांडवी इथल्या पेढ्यांवर पोरगा बसायचा आणि बघून बघून शिकायचा. रोजकीर्द लिहायची, तिची खतावणी करायची, दिवाळीला वहीपूजन करून नवी वही उघडायची. पुढे कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली कापडगिरणी उभी केली, १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, १८७५ मध्ये शेअर बाजाराची संघटना झाली. धंदा इतका वाढला, तरी व्यवस्थापन शिकवावे असे कोणाला वाटले नाही. त्याला कारण होते. गिरणी कंपनीचा कारभार मॅनेजिंग एजन्सीकडे, म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या घराण्याच्या पेढीकडे असे. यंत्रे समजणारे सुरुवातीला लँकेशायरहून येत. खात्यात माणसे भरायची, कामाला लावायची, काढायची, हे सगळे जॉबर बघे. मालकाचा मुलगा मालकाच्या शेजारी बसूनच तयार होई. शाळेतून यायला हवा होता तो फक्त इंग्रजी वाचणारा, वळणदार अक्षराचा कारकून. तो मॅट्रिकच्या परीक्षेने भरपूर पुरवला.

१८८२ च्या हंटर आयोगाने यात बदल सुचवला होता. माध्यमिक शाळेत दोन वाटा असाव्यात, एक विद्यापीठाच्या प्रवेशाकडे जाणारी आणि दुसरी व्यापार-उदिमाला उपयोगी पडणारी, असे त्याचे म्हणणे होते. दुसरी वाट रुजली नाही. आईबापांना मुलगा मॅट्रिक व्हायला हवा होता, कारण सरकारी नोकरीचे दार त्यानेच उघडायचे. आजही हुशार मुलगा कॉमर्सला जातो म्हटले की काही घरांत चेहरे उतरतात, त्याची मुळे मला इथे दिसतात. व्यापाराचे शिक्षण आपल्याकडे दुय्यम वाट म्हणूनच पहिल्यांदा कागदावर आले.

मग १९१३ साल आले. त्या वर्षीच्या कंपनी कायद्याने ठरावीक हिशेबवह्या ठेवणे आणि पात्र लेखापरीक्षकाकडून त्या तपासून घेणे कंपन्यांना बंधनकारक केले. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. आशियातले पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून ते ओळखले जाते, आणि नाव पडले ते गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांचे. १९१८ मध्ये मुंबईत हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू झाली. परीक्षेबरोबर तीन वर्षे मान्यताप्राप्त हिशेबनीसाच्या हाताखाली उमेदवारी करावी लागे. चार्टर्ड अकाउंटंटची संस्था झाली ती १९४९ मध्ये, पण तिचा एक पाया असा मुंबईत घातला गेला. त्याच १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. वर्गात हे मी आवर्जून सांगते. मुलांना बाबासाहेब माहीत असतात, पण आपल्या 'इको'च्या पेपरशी त्यांचे असे थेट नाते आहे हे कळले की मागच्या बाकावरचीही मुले मान वर करतात.

तर बीके आणि इको हे आपल्या फॉर्मवरचे सर्वांत जुने दोन रहिवासी. त्यांच्या डोळ्यांपुढचा माणूस होता हिशेब तपासणारा. मॅनेजर नव्हे.

१९४१ मध्ये माटुंग्याला पोदार कॉलेज निघाले आणि वाणिज्य शिक्षण फोर्ट-चर्चगेटवरून दादर-माटुंग्याच्या मराठी वस्तीच्या दाराशी आले. पण गिरगाव-दादरच्या चाळींतला शिरस्ता बराच काळ वेगळाच राहिला. एसएससी व्हायचे, टायपिंगच्या क्लासला जायचे, मिनिटाला चाळीस शब्दांचे सरकारी सर्टिफिकेट घ्यायचे आणि कुठल्यातरी कचेरीत चिकटायचे. माझ्या आईने हेच केले. तिच्या करंगळीला शेवटपर्यंत टाइपरायटरची सवय होती. पोळपाटाच्या कडेवर बोटे आपसूक वाजायची.

शाळेत वाणिज्याला स्वतंत्र जागा द्यावी हा विचार स्वातंत्र्यानंतर पुन्हा आला. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी विषयांचे सात गट सुचवले आणि त्यांत वाणिज्याचा एक गट होता. बहुउद्देशीय शाळा त्यातूनच निघाल्या. तरी बहुतेक मुलांसाठी वाणिज्य हा निर्णय शाळा संपल्यावरचाच राहिला.

तिकडे वरच्या मजल्यावर मात्र व्यवस्थापन हा शब्द वजनदार होऊ लागला होता. टाटा समूहाने १९५६ मध्ये तरुण व्यवस्थापक घडवणारी टाटा अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सर्व्हिस सुरू केली. १९६१ मध्ये कलकत्ता आणि अहमदाबादला आयआयएम निघाल्या. १९६३ मध्ये पवईला औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था नीटी आली, तीच २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट उभी राहिली. आणि एप्रिल १९७० मध्ये मॅनेजिंग एजन्सीची पद्धत कायद्याने बंद झाली. ही शेवटची गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपते. माझ्या मते तिचे महत्त्व मोठे आहे, कारण कंपनी चालवायला घराण्याच्या पेढीऐवजी संचालक मंडळ आणि पगारी व्यवस्थापक हवेत, हे तिथे कायद्यानेच ठरले. पण व्यवस्थापनाचे हे सगळे शिक्षण पदवीनंतरचे होते. शाळेतल्या मुलाने त्यासाठी काय करावे हा प्रश्नच नव्हता. आधी चांगला पदवीधर हो, मग बघू.

तो प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलांपुढे आणून ठेवला १०+२+३ ने, म्हणजे शाळेची दहा, कनिष्ठ महाविद्यालयाची दोन आणि पदवीची तीन वर्षे या रचनेने. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सुचवलेला हा आकृतिबंध महाराष्ट्रात १९७२ पासून लागू होत गेला आणि दहावीची पहिली एसएससी मार्च १९७५ मध्ये झाली. शाळा अकरावीला संपायची त्या जुन्या पद्धतीची शेवटची तुकडीही त्याच वर्षी बाहेर पडली, त्यामुळे त्या जूनमध्ये दोन तुकड्या एकदम दाराशी. आपण त्या गर्दीच्या आठवणी सांगतो, पण खरा बदल गर्दीत नव्हता. पूर्वी शाळा संपवून कॉलेजात गेलेला मुलगा वाणिज्य निवडायचा. आता दहावीच्या निकालानंतर काही दिवसांत शाखा ठरवायची, आणि त्या शाखेच्या आत एसपी की मॅथ्स हेही.

कनिष्ठ महाविद्यालयात मग जे विषय स्थिरावले त्यांत प्रत्येकाचा एक माणूस आहे. बीकेत हिशेबनीस. एसपीत, म्हणजे मराठी पुस्तकावरच्या नावाप्रमाणे 'चिटणिसाची कार्यपद्धती'त, कंपनी सेक्रेटरी: भाग, कर्जरोखे, ठेवी, लाभांश आणि सभासदांना लिहायची पत्रे. ओसीएममध्ये, 'वाणिज्य संघटन व व्यवस्थापन'मध्ये, व्यवस्थापक एकदाचा नावानिशी येतो. बारावीच्या पहिल्याच धड्यात व्यवस्थापनशास्त्राचा पाया घालणारे टेलर आणि फेयॉल भेटतात. फेयॉलची १४ तत्त्वे मुले घडाघड म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बायफोकल अभ्यासक्रमही आले. एक भाषा आणि एक विषय सोडून २०० गुणांचे बँकिंग, ऑफिस मॅनेजमेंट किंवा विक्रीकला घ्यायची. मुंबईत पालकांचा ओढा मात्र सरळ कॉमर्सकडेच राहिला.

आता मॅथ्सचे पुस्तक उघडून बघा. वाणिज्य शाखेच्या बारावीच्या गणिताचा दुसरा भाग घ्या. त्यात विमा आणि अ‍ॅन्युइटी आहे, निर्देशांक आहेत, कालश्रेणी आहे, लिनिअर प्रोग्रॅमिंग आहे, असाइनमेंट प्रॉब्लेम आहे. चार कामगार, चार यंत्रे, कोणाला कुठल्या यंत्रावर बसवले म्हणजे एकूण वेळ कमीत कमी लागेल? जॉबर हे नजरेने ठरवायचा. इथे ते ओळी-स्तंभांत मांडून काढतात. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर वाढलेली गणिताची ही शाखा आहे, आणि व्यवस्थापनाच्या मोठ्या संस्थांत पुढे हेच शिकवतात. म्हणजे 'मॅनेजर व्हायचं' नेमके ज्या पानांवर शिकवले जाते, ती पाने मॅनेजमेंटला जाणारी कितीतरी मुले भीतीने सोडून देतात. एसपीत गुण पडतात, असे क्लासवाले सांगतात, आणि ते खोटे नाही. पण पदवीला संख्याशास्त्र आले, एमबीएच्या सीईटीत आकडे आले, की दोन वर्षे गणितापासून लांब राहिल्याची किंमत मोजावी लागते. दरवर्षी जुने विद्यार्थी मला हे येऊन सांगतात.

मराठी माध्यमाच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. मुंबईत कॉमर्स बहुतेक ठिकाणी इंग्रजीत शिकवतात. घरात 'अमक्याच्या नावे टाक' आणि 'जमा झाले' हे शब्द ऐकत वाढलेली मुलगी डेबिट-क्रेडिट म्हटल्यावर गोंधळते. बालभारतीचे 'पुस्तपालन आणि लेखाकर्म' मराठीत मिळते. पहिले दोन महिने ते शेजारी ठेवून वाचा, असे मी सांगते.

१९९१ नंतर बँका, विमा, दूरध्वनी, मॉल सगळीकडे पदवीधर व्यवस्थापक हवे झाले, आणि १९९९ मध्ये मुंबई विद्यापीठाने बीएमएस, म्हणजे व्यवस्थापनाची पदवी, सुरू केली. बारावीनंतर लगेच मॅनेजमेंट ही वाट तेव्हा पहिल्यांदा खुली झाली, आणि तीही तिन्ही शाखांना. विज्ञान किंवा कला शाखेतून आलेल्यांनाही तिथे जागा होत्या. कॉमर्स घेतले नाही म्हणजे मॅनेजमेंट गेले, ही समजूत तेव्हापासूनच चुकीची आहे. अभ्यासक्रम विनाअनुदानित असल्याने फी मात्र साध्या बीकॉमपेक्षा जास्त.

२०२४-२५ पासून तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईने बीबीए, बीएमएस, बीसीए आपल्या मान्यतेखाली घेतले आणि राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी आली. पहिल्या वर्षी बऱ्याच घरांना तिचा पत्ताच नव्हता, म्हणून ती दुसऱ्यांदा घ्यावी लागली. मुंबईतल्या अनेक महाविद्यालयांनी मग आपल्या बीएमएसचे नाव बदलून बीकॉम, मॅनेजमेंट स्टडीज असे केले, म्हणजे सीईटीची अट लागत नाही. नावे जवळजवळ सारखी, प्रवेशाचे मार्ग दोन. बारावीच्या वर्षातच कॉलेजकडून हे विचारून घ्यावे लागते आणि सीईटीचा अर्ज वेळेत भरावा लागतो. शाखांमधल्या भिंती पातळ कराव्यात असे २०२० च्या राष्ट्रीय धोरणात आहे. आमच्या खिडकीवरच्या फॉर्मवर त्या अजून जशाच्या तशा आहेत.

त्या दिवशी आई-मुलीला मी यातले निम्मेच सांगू शकले, मागे रांग होती. मुलीने मॅथ्सवर खूण केली. दुसऱ्या चौकटीत आयटी घेऊ का म्हणाली. घे म्हटले, हिशेबाचे कोष्टक संगणकावर मांडता येऊ दे. मग आईला विचारले, "उधारी कशी लिहिता?" त्यांनी पिशवीतून दोऱ्याने बांधलेली वही काढली. डाव्या पानावर गिऱ्हाइकाचे नाव आणि पोळ्या, उजव्या पानावर आलेले पैसे, महिन्याच्या शेवटी लाल पेनाने बाकी. ओसीएम आणि बीकेला ८० गुण लेखी आणि २० गुण प्रकल्प-तोंडीचे असतात. त्या २० गुणांसाठी हीच वही घेऊन ये, असे मी मुलीला सांगितले आणि पुढच्याला बोलावले.