दोन परकीय भाषा एकदम शिकल्या की खरंच खिचडी होते?

‘एका वेळी एकच परकीय भाषा शिका, दोन घेतल्यात तर एकही धड येणार नाही’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. भीती स्वाभाविक आहे, कारण सरमिसळ होते. स्पॅनिशमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे गाढव, इटालियनमध्ये लोणी! सुरुवातीला गोंधळ उडणारच. पण तो अशा सख्ख्या बहिणींसारख्या भाषांत जास्त. जर्मन आणि जपानी सोबत घेतल्या तर फारच कमी. शिवाय तो कायमचा नसतो. मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. आपली मुलं शाळेत या दोन्ही भाषा इंग्रजीसोबत शिकतात आणि हा फरक त्यांच्या अंगवळणी पडतो.

खरी अडचण वेळेची. रोजचा अर्धा तास दोन भाषांत वाटला की प्रत्येकीच्या वाट्याला १५ मिनिटं येतात. प्रगती मंदावते ती मुख्यतः त्यामुळे. म्हणून मी तरी म्हणेन, एक भाषा जरा रुळली की मगच दुसरी घ्या.

सरमिसळ खरंच ओसरते का हे पडताळायचं असेल तर रोज दोन्ही भाषांत, पुस्तकात न बघता, पाच-पाच वाक्यं लिहा. चुकीच्या भाषेतून घुसलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारा. महिन्याने वहीचं पहिलं आणि शेवटचं पान उघडून रेघा मोजा.