पंचनामा रीतसर, पण चाकू बारा दिवस कुठे होता?

"चाकू ३ तारखेला जप्त झाला, प्रयोगशाळेत पोचला १५ला. मधले बारा दिवस तो कुठे होता?" आरोपीचा वकील विचारतो. साक्षीच्या पिंजऱ्यातून तपास अधिकारी सांगतो, "पंचनामा रीतसर झालाय, साहेब." उत्तर खरं असेलही, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं आहे.

जप्ती पंचनामा आणि मुद्देमालाच्या ताब्याची साखळी (जप्तीनंतर वस्तू कधी, कोणाच्या ताब्यात होती याचा सलग हिशेब) यांत लोकांची गल्लत होते, कधी कधी पोलिसांचीही. वस्तू पोलिसांच्या हाती कुठून, किती वाजता, कोणासमोर आली, एवढंच पंचनामा सांगतो. पात्याची लांबी, मुठीचा रंग, डाग कुठे, हे लिहायचं आणि दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. पंच फितूर झाला तरी तपास अधिकाऱ्याच्या साक्षीने पंचनामा शाबित होऊ शकतो. तसा तो या संहितेआधीही होत होता.

साखळी सुरू होते ती कॅमेरा बंद झाल्यावर. चाकू कागदी पाकिटात, वर पंचांच्या सह्यांचं लेबल, दोऱ्याच्या गाठीवर लाख, लाखेवर मोहर. (रक्ताळलेले कपडे असतील तर आधी सावलीत वाळवायचे. ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले, तर सील कितीही पक्कं असो, आत बुरशी धरते.) मग ठाण्यात मुद्देमाल कारकुनाकडे जमा, नोंदवहीत क्रमांक. तिथून एखादा शिपाई पत्र आणि मोहरेचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत जातो. उघडण्याआधी तिथे सील नमुन्याशी ताडून बघतात. सील शाबूत आणि पाठवलेल्या नमुन्याप्रमाणे असल्याचा शेरा 'सीए रिपोर्ट'मध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या केमिकल अ‍ॅनालायझरच्या अहवालात, येतो. मला विचाराल तर आधी ही ओळ वाचावी, रक्तगट नंतर.

पंचनामा शाबित करायला पंच आणि अधिकारी लागतात. साखळीसाठी कारकून आणि तो शिपाई. साक्षीदारांच्या यादीत नेमके हेच दोघे राहून जातात.

अमृतसरच्या विमानतळावर १९९७ साली पकडलेल्या १ किलो ४०० ग्रॅम हेरॉइनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००८ साली आरोपीला सोडलं. इतर त्रुटी होत्याच, पण जप्त केलेला मूळ मालच कोर्टापुढे आला नव्हता आणि नमुन्यांचा मेळ बसत नव्हता.

डीएनए नमुन्यांबाबत त्याच कोर्टाने जुलै २०२५ मध्ये देशभरासाठी नियम घालून दिले. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवायचा. शिवाय ताब्याची वेगळी नोंदवही ठेवायची आणि ती खटल्याच्या कागदपत्रांना जोडायची.