मेकॅनिकल कीबोर्ड घेताना आधी काय ठरवावे

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच, म्हणजे दाब नोंदवणारा भाग असतो. तो घ्यायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न स्विचच्या रंगाचा विचारतात. लाल घेऊ की तपकिरी? प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर तिसरा-चौथा लागायला हवा. स्विच पुढे बदलता येतात, कीकॅपही (कळांवरच्या टोप्या) बदलता येतात. आकार आणि आतला सर्किट बोर्ड मात्र एकदा घेतला तो घेतला. म्हणून या पत्रकात आम्ही न बदलणाऱ्या गोष्टी आधी घेतल्या आहेत.

टेबलापासून सुरुवात करा

पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर साधारण १०४ कळा असतात आणि कळांचा पट्टा सुमारे ४३ सेंटिमीटर रुंद भरतो. उजवीकडचा नंबरपॅड वगळला की ८७ कळांचा ‘टीकेएल’ उरतो, तो सुमारे ३५ सेंटिमीटर. वाचलेले आठ सेंटिमीटर माउसला मिळतात. गेममध्ये माउसची संवेदनशीलता कमी ठेवून अख्खा हात फिरवणाऱ्याला ही जागा कुठल्याही महागड्या स्विचपेक्षा जास्त उपयोगी पडते. दिवसभर आकडे भरणाऱ्याने मात्र नंबरपॅड सोडू नये. दोन्ही हवे असेल, तर टीकेएल घ्या आणि सुटा नंबरपॅड डावीकडे ठेवून पाहा. सुरुवातीला हात चुकतो, मग उजवा हात माउसवरून उठवावा लागत नाही हे लक्षात येते.

६१ कळांचा ‘६० टक्के’ कीबोर्ड दिसायला देखणा असतो, पण त्याला बाणांच्या कळा नसतात आणि एफ१ ते एफ१२ ही ओळही नसते. ती कामे एफएन कळ धरून करावी लागतात. मजकूर लिहून चार वेळा दुरुस्त करणाऱ्याला याचा आठवड्याभरात वैताग येतो. टायपिंग आणि गेम दोन्ही करायचे असतील, तर आम्ही टीकेएल किंवा ‘७५ टक्के’ (बाणांच्या कळा आणि एफ-ओळ असलेला, पण कळा दाटीने मांडलेला) सुचवतो.

सर्वात खालची ओळही निरखून पाहा. स्पेसबार साध्या कळेच्या सव्वासहा पट आणि त्याच्या आजूबाजूच्या कळा सव्वा पट रुंद असतील, तर बाजारातले बहुतेक कीकॅप संच बसतात. मापे वेगळी असतील, तर पुढे संच शोधताना दमछाक होते.

आता सर्किट बोर्ड. ‘हॉट-स्वॅप’ असेल, तर स्विच चिमट्याने ओढून काढता येतो आणि दुसरा दाबून बसवता येतो. नसेल, तर प्रत्येक स्विचचे सोल्डर काढावे लागते. पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घेत असाल, तर हॉट-स्वॅपच घ्या, कारण आपल्या बोटांना काय आवडते ते महिनाभर टाइप केल्याशिवाय कळत नाही. स्विच ज्यात बसतो ते सॉकेट तीन पिनांचे की पाच, तेही विचारून घ्या. पाच पिनांचा स्विच तीनच्या बोर्डवर बसवायचा, तर प्लॅस्टिकच्या दोन खुंट्या कापाव्या लागतात.

मग स्विच

रंगांची परिभाषा रुळली ती चेरी या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचमुळे. लाल स्विच सरळ खाली उतरतो, वाटेत काही लागत नाही. सुमारे ४५ ग्रॅमचा दाब आणि २ मिलिमीटर खाली गेला की अक्षर उमटते, पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा. तपकिरीत वाटेत एक हलकी अडखळ जाणवते. निळ्यात अडखळीसोबत ‘कट्’ असा आवाज येतो, आणि घरच्यांसाठी ती खरोखरच कटकट ठरते. निळ्याची दुसरी अडचण कमी लोकांना माहीत असते. कळ पुन्हा तयार होण्यासाठी ती अक्षर उमटले त्या जागेच्या बरीच वर यावी लागते, म्हणून एकच कळ भराभर दाबायच्या गेममध्ये तो मागे पडतो.

रंगावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चेरीचा ‘क्लिअर’ जड आणि अडखळणारा, तर गेटरॉन या दुसऱ्या कंपनीचा त्याच नावाचा स्विच हलका आणि सरळ! दाब आणि प्रवासाचे आकडे वाचा.

जोरात टाइप करणाऱ्यांना हलका स्विच आवडेलच असे नाही. बोट नुसते टेकले तरी अक्षर उमटते आणि चुका वाढतात. अशांना ५५ ते ६० ग्रॅमचा स्विच सोसतो.

गेमसाठी सध्या चुंबकी, म्हणजे हॉल-इफेक्ट स्विचची चर्चा आहे. कळ किती खाली गेल्यावर नोंद व्हावी हे त्यात ठरवता येते आणि बोट किंचित उचलताच कळ सुटल्याचे कळते. लक्षात ठेवा, अशा बोर्डवर साधे स्विच सहसा चालत नाहीत. उलट दिशेच्या दोन कळा (उदा. डावी आणि उजवी) एकाच वेळी दाबल्या गेल्या, तर शेवटची दाबलेलीच आपोआप धरणारी सोयही काहींत असते. ‘काउंटर-स्ट्राइक २’ या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ पासून तिला मनाई केली आहे, तेव्हा स्पर्धेत उतरणार असाल, तर ती बंद ठेवा.

कीबोर्ड सेकंदाला किती वेळा संगणकाला कळवतो तो ८००० हर्ट्झचा आकडा खोक्यावर मोठा दिसतो. १००० हर्ट्झला कीबोर्ड दर मिलिसेकंदाला संगणकाशी बोलतो. माणसाची प्रतिक्रिया दीड-दोनशे मिलिसेकंदांची, त्यामुळे एवढ्यासाठी जादा पैसे घालू नयेत, असे आमचे मत. वायरलेसवर खेळायचे असेल, तर ब्लूटूथ नको, २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर हवा.

कीकॅपबद्दल थोडक्यात. एबीएस आणि पीबीटी ही प्लॅस्टिकची दोन नावे. एबीएसच्या कॅप वापराने चकचकीत होतात, पीबीटीच्या बराच काळ खरखरीत राहतात.

मेकॅनिकल कीबोर्ड उंच असतो. मागचे पाय उघडले की मनगट आणखी मागे वाकते, म्हणून ते मिटलेले ठेवा आणि लागल्यास पुढे तळहाताची उशी घ्या.

खोके उघडल्यावर

एकही स्विच काढण्याआधी प्रत्येक कळ दाबून पाहा. स्पेसबार, एंटर आणि शिफ्ट दोन्ही टोकांना दाबा. एका टोकाला खडखड झाली, तर दोष बहुधा स्विचचा नसतो, लांब कळ सरळ खाली जावी म्हणून तिच्याखाली असणाऱ्या स्टॅबिलायझरच्या तारेचा असतो आणि थोड्या ग्रीसने तो जातो. नंतर स्विच बदलताना पिना सरळ आहेत ना ते पाहून उभा दाब द्या. तिरका दाब दिल्याने पिन दुमडते आणि कळ मेल्यासारखी वाटते. असे झाले तर स्विच बाहेर काढून पिन चिमट्याने हळूच सरळ करा आणि पुन्हा बसवा. तरीही कळ चालली नाही, तर जोर न लावता कीबोर्ड आमच्याकडे आणा. खालचे सॉकेट सुटले असण्याची शक्यता असते.