रेडिएटरचा पंखा : इलेक्ट्रिक आणि क्लचवाला

पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटरमधून हवा ओढणारा पंखा. ढोबळमानाने दोन प्रकार: इंजिनाच्या ताकदीवर पट्ट्याने, मधल्या क्लचमार्फत (पंखा गरजेप्रमाणे जोडणारा-सोडणारा भाग) फिरणारा आणि करंटवर मोटरने फिरणारा. गाडी पळत असली की समोरची हवाच बहुतेक वेळा पुरते, पंखा खरा लागतो तो गाडी थांबलेली किंवा रांगत असताना.

आधी पंखा थेट पुलीवरच (पट्ट्याने फिरणाऱ्या चाकावर) असायचा, अँबॅसडर आणि पद्मिनीत तसाच होता, गरज असो नसो फिरायचा. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट येते पण ताकद आठपट लागते, म्हणजे हायवेवर पेट्रोल फुकटच जायचं. यावर तोडगा आधी कोणी काढला याबद्दल एकमत नाही. सिलिकॉन ऑइलचा विस्कस क्लच अमेरिकन गाड्यांत साधारण 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात आला असं धरतात, 1960च्या प्यूजो 404मध्ये विद्युतचुंबकी क्लचने सुटणारा पंखा होता आणि 1961च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये तापमानाच्या स्विचवर चालू होणारा इलेक्ट्रिक. तारखा इतक्या लागून आहेत की एकाचं बघून दुसऱ्याने केलं म्हणण्यापेक्षा तिन्ही वाटा आपापल्या चालल्या हे जास्त पटतं.

इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत, बसायला लागलं आणि पुली बाजूला गेली म्हणून इलेक्ट्रिक पंखा आला, असंही सर्रास सांगतात. अर्धंच खरं आहे ते. 1959च्या मिनीत इंजिन आडवंच होतं, पण रेडिएटरही बाजूला नेऊन पट्ट्याचाच पंखा ठेवला होता. आपल्याकडे मारुती 800 (1983) मध्ये इंजिन आडवं, रेडिएटर समोर, म्हणून पंखा इलेक्ट्रिक. उलट ओम्नीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, असूनही पंखा इलेक्ट्रिकच, कारण इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पार पुढे. तेव्हा मुद्दा पुली रेडिएटरच्या समोर येते की नाही एवढाच.

विस्कस क्लचच्या तोंडावर दोन धातूंची एक स्प्रिंग असते, रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती वळते, आतली झडप उघडते आणि घट्ट सिलिकॉन ऑइल खाचांच्या दोन तबकड्यांमध्ये शिरून पंख्याला ओढत नेतं. थंड असताना पंखा सुटा असला तरी थोडा फिरतोच. सकाळी गाडी चालू केल्यावर थोडा वेळ घों घों आवाज येतो, तो रात्रभरात तबकड्यांत उतरलेल्या ऑइलचा, त्यात बिघाड काही नाही.

गोव्यात दोन्हींची परीक्षा होते. चोर्ला घाटात भरलेली सुमो किंवा बोलेरो खालच्या गिअरात चढते तेव्हा इंजिनाचे फेरे जास्त, म्हणून क्लचवाला पंखा तिथे जोरात हवा ओढतो. तीच गाडी रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीच्या रांगेत एसी लावून उभी राहिली की फेरे कमी, क्लच पूर्ण धरला तरी पंखा पुलीपेक्षा जोरात फिरू शकत नाही. इलेक्ट्रिकला इंजिनाच्या फेऱ्यांशी देणंघेणं नाही, तो रांगेतही तितक्याच जोराने फिरतो, मात्र करंट अल्टरनेटरमधून (इंजिनावर फिरून वीज करणारं यंत्र) येतो आणि त्यात ताकद वाया जातेच, म्हणजे सतत पंखा लागणाऱ्या जड गाडीला तो स्वस्त पडेलच असं नाही. शहरातल्या छोट्या कारला मात्र इलेक्ट्रिकच बरा.

क्लच गेला की त्याच्या अंगावर ऑइलचे ओघळ दिसतात, आणि इंजिन बंद करून पंख्याला हाताने झटका दिला तर तो न अडता गरगर फिरत राहतो. इलेक्ट्रिकचं दुखणं बहुधा वायरिंगचं: किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच) अडकतो. एसी लावल्यावर पंखा फिरतो पण गाडी तापल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर शाबूत, आधी टेंपरेचर स्विच किंवा सेन्सर बघायचा. चावी काढल्यावरही हा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, त्यामुळे बॅटरी काढल्याशिवाय बोटं आत घालू नयेत.