घाटगे

घाटगे (लेखनभेद : घाडगे, जुन्या इंग्रजी कागदांवरून घाटके) : मराठी आडनाव. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर हे जिल्हे आणि बेळगावकडचा सीमाभाग येथे विशेष आढळते. कोल्हापुरात हे नाव घेतले की कागलचे घराणे आणि त्या घराण्यात जन्मलेले राजर्षी शाहू महाराज डोळ्यांसमोर येतात. मात्र सगळे घाटगे कागलचे नाहीत, आणि कागलच्या घराण्याचे मूळही कागलात नाही.

व्युत्पत्ती. मराठीतील एकारान्त आडनावे बहुतेक आदरार्थी बहुवचनी आहेत. ‘शिंदे’, ‘फाळके’, ‘लांडगे’ यांप्रमाणे ‘घाटगे’ हेही ‘घाटगा’ किंवा ‘घाटका’ अशा एकवचनी रूपावरून आलेले दिसते. बोलण्यात ‘घाटग्यांचा वाडा’ असे सामान्यरूप होते, त्यावरून हे ताडून पाहता येते. शेवटचा गे हा प्रत्यय -क- चे घोष (स्वरतंतूंच्या कंपनाने उच्चारलेले) रूप असावा. मूळ शब्दाविषयी दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार तो ‘घाट’, म्हणजे डोंगरातील वाट किंवा डोंगराची रांग. दुसऱ्या मतानुसार तो ‘घंटा’ या शब्दाच्या कुळातील. दुसऱ्या मताला भाषिक आधार नाही असे नाही; घंटेवरून ‘घाट’, ‘घाटी’ अशी रूपे मराठीत झाली आहेत. तरीही पहिले मत अधिक पटण्याजोगे आहे. घराण्याची सर्वांत जुनी माहीत असलेली जागा महादेवाच्या डोंगररांगेच्या कुशीत आहे. शिवाय राहत्या मुलखावरून आडनाव पडणे ही या भागातील नेहमीची रीत आहे. राठोड रजपुतांशी नाते सांगणारी कुलकथा आणि आडनावाची व्युत्पत्ती या वेगळ्या गोष्टी आहेत. एकीच्या आधारे दुसरी सिद्ध करू नये.

ट आणि ड. ‘घाटगे’ आणि ‘घाडगे’ ही आडनावे एक की दोन, या प्रश्नावर घराघरांत ठाम मते असतात आणि लग्न जुळवताना त्यावर वादही होतात. भाषेच्या बाजूने पाहिले तर उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी ट प्राकृतात ड होतो, म्हणून ‘घट’ याचा ‘घडा’ झाला. पण ‘घट्ट’ या जोडाक्षरी रूपातला ट टिकतो आणि आधीचा स्वर लांबतो, म्हणून ‘घाट’. तेव्हा मूळ शब्द ‘घाट’ मानला तर ‘घाडगे’मधला ड प्राकृत काळाइतका जुना असू शकत नाही, तो नंतरचा आहे. तो कसा आला हे उच्चारातच ऐकू येते. ‘घाटगे’ म्हणताना ट मधला अ आपण उच्चारत नाही, ‘घाट्‌गे’ असेच म्हणतो. अघोष ट् ला लागून घोष ग आला की ट् सुद्धा घोष होतो आणि कानाला ड् लागतो. ‘एकदा’ लिहून ‘एग्दा’ म्हणतात, तोच हा प्रकार. म्हणजे ‘घाडगे’ हे कानाने ऐकून लिहिलेले रूप आणि ‘घाटगे’ हे परंपरेने जपलेले रूप. दक्षिणेकडे ट का टिकला, याचेही एक कारण सुचते. कन्नडमध्ये मधला अ असा गळत नाही, त्यामुळे ट आणि ग एकमेकांना भिडत नाहीत. कागल, निपाणी, चिकोडी या दुभाषी पट्ट्यात ‘घाटगे’ हेच रूप प्रचलित असणे याच्याशी जुळते. माण, खटाव आणि पंढरपूरकडे ‘घाडगे’ वारंवार भेटते. तथापि ही काटेकोर सीमारेषा नव्हे. एकाच भावकीत दोन्ही रूपे आढळतात.

व्यवहारात अडचण येते ती इथेच. गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी जसे ऐकले तसे लिहिले. थोरल्याच्या दाखल्यावर ‘घाटगे’ आणि धाकट्याच्या दाखल्यावर ‘घाडगे’ अशी नोंद झाली, आणि सातबाऱ्यावर तलाठ्याने तिसऱ्याच पद्धतीने लिहिले. वारसनोंदीची वेळ आली की दोघे सख्खे भाऊ असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते, काही वेळा नावातील बदल राजपत्रात छापून घ्यावा लागतो. अक्षर वेगळे म्हणून कूळ वेगळे, असा निष्कर्ष केवळ अशा नोंदींवरून काढणे चुकीचे आहे. उलट दोन कुटुंबे ट लिहितात म्हणून ती एकाच कुळातली, हेही सिद्ध होत नाही.

रोमन लिपीत याच नावाची आणखी विभागणी होते. टी या अक्षरानंतर कोणी ए घालतात, कोणी घालत नाहीत. पहिले लेखन पूर्ण अक्षराप्रमाणे आहे, दुसरे उच्चाराप्रमाणे. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात ग्रँट डफने शेवटी ए-वाय ही अक्षरे वापरली. समकालीन इंग्रजी पत्रव्यवहारात ग च्या जागी क सुद्धा येतो, आणि ‘घाटके’ हे रूप पुढच्या काही मराठी पुस्तकांत तेथूनच उतरले असावे. जुन्या इंग्रजी सूचींत हे नाव शोधणाऱ्याने ही सगळी रूपे पाहावीत.

मलवडीचे घराणे. घाटग्यांचा जुना मुलूख म्हणजे माणदेश आणि त्याला लागून असलेला खटाव देश. फलटणच्या निंबाळकरांचा प्रदेश आणि यांचा प्रदेश यांच्यामध्ये महादेवाचे डोंगर आहेत. माण परगण्याची देशमुखी या घराण्याकडे होती आणि मलवडी हे मुख्य ठाणे. बहमनी अमदानीत कामराजे घाटगे यांना लहानशी मनसब होती, असे ग्रँट डफ नोंदवतो. तो साताऱ्यास रेसिडेंट होता आणि देशमुखांची दप्तरे त्याला पाहायला मिळत होती, म्हणून त्याचे विधान वजनदार मानतात. पण ते घराण्याच्या स्वतःच्या कैफियतीवर बेतलेले असावे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. पुढच्या गॅझेटियरांनी हीच माहिती उचलली. त्यामुळे तीन ग्रंथांत एकच गोष्ट सापडली तरी ते तीन पुरावे होत नाहीत.

इब्राहिम आदिलशाहाने (दुसरा) १६२६ मध्ये नागोजी घाटगे यांना ‘सर्जेराव’ हा किताब दिला, असा उल्लेख आहे. इब्राहिमचा मृत्यू १६२७ चा, तेव्हा कालदृष्ट्या यात विसंगती नाही. ‘झुंझारराव’ हाही या घराण्याचा मानाचा किताब. ‘सर्जा’ हा शब्द बहुधा फार्सी ‘शर्ज़ा’वरून आला, त्याचा अर्थ खवळलेला, उग्र, आणि तो सिंहाच्या विशेषणासारखा येतो. विजापूर दरबारात ‘शर्झाखान’ असाही किताब होता, त्यावरून हा शब्द दरबारी परिभाषेतला दिसतो. किताब पिढ्यान्‌पिढ्या चालल्याने एक गोंधळ कायमचा झाला आहे : कागदात नुसते ‘सर्जेराव घाटगे’ असले की नेमका कोणत्या पिढीचा माणूस, हे साल पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. ‘झुंझारराव’ हे आज स्वतंत्र आडनावही आहे, पण ते लावणारे सारे घाटग्यांपैकी नाहीत.

सतराव्या शतकात घाटगे मुख्यतः आदिलशाहीचे चाकर होते. परमानंदाच्या ‘शिवभारता’त शिवाजी महाराजांविरुद्धच्या विजापुरी फौजांत घाटगे सरदार येतात. रुस्तुमेजमानच्या ज्या सैन्याचा डिसेंबर १६५९ मध्ये कोल्हापूरजवळ पराभव झाला, त्यातही ते होते. यावरून आजच्या कोणाला कमीअधिक लेखण्याचे कारण नाही. वतन ज्या सरकारचे, चाकरी त्या सरकारची, ही त्या काळच्या देशमुखांची रीत होती. घोरपडे, माने, निंबाळकर यांच्याही घरात दोन्ही बाजूंना तलवारी होत्या.

कागल. कोल्हापूरच्या आग्नेयेस, पुणे-बंगळूर रस्त्यावर, दूधगंगेच्या पट्ट्यात कागल वसले आहे. गैबी पीर हे गावाचे श्रद्धास्थान आणि त्याचा उरूस सर्वधर्मीय आहे. येथील जहागीर घाटग्यांकडे होती. कोल्हापूर संस्थानच्या विशाळगड, बावडा, इचलकरंजी, कापशी वगैरे सरंजामदारांत कागल (थोरली पाती, म्हणजे शाखा) आणि कागल (धाकटी पाती) अशा दोन वेगळ्या जहागिऱ्यांची गणना होई. थोरल्या पातीचे प्रमुख ‘सर्जेराव’ हाच किताब लावीत.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या घराण्यातील सखाराम घाटगे याचे नाव साऱ्या हिंदुस्थानात झाले. भाऊबंद यशवंतराव घाटगे याच्याशी तंटा होऊन त्याला कागल सोडावे लागले. तो आधी परशुरामभाऊ पटवर्धनांकडे, मग नाना फडणवीसांकडे आणि अखेर दौलतराव शिंद्यांकडे गेला. १७९८ मध्ये त्याची मुलगी बायजाबाई हिचे दौलतरावांशी लग्न झाले आणि त्याच सुमारास पुण्यातील सावकार-मुत्सद्द्यांकडून पैसा वसूल करण्यासाठी त्याने केलेल्या छळाच्या हकिकती सर्व बखरींत आणि इंग्रजी वृत्तांतांत आहेत. त्या खोट्या ठरवण्याचा प्रयत्न काहींनी केला आहे, पण तो टिकत नाही. १८०९ मध्ये तो मारला गेला.

बायजाबाई शिंदे (१७८४–१८६३) यांचे कर्तृत्व मात्र वेगळ्याच तोलाचे आहे. दौलतरावांच्या निधनानंतर १८२७ ते १८३३ ग्वाल्हेरचा कारभार त्यांनी चालवला. सावकारी व्यवहारातील त्यांचे ज्ञान कंपनीच्या अधिकाऱ्यांनाही मान्य करावे लागले. काशीच्या ज्ञानवापीवरील खांबांचा मंडप त्यांनीच बांधला. ‘ग्वाल्हेरच्या बायजाबाई’ अशीच त्यांची ओळख राहिली आणि त्या कागलच्या लेक होत्या, हे कोल्हापुरातही थोड्यांना माहीत असते.

त्यांचे बंधू हिंदुराव घाटगे ग्वाल्हेरचे राजकारण सुटल्यावर दिल्लीस राहिले. मार्च १८३५ मध्ये विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाल्यावर दिल्लीच्या टेकाडावरचा, म्हणजे रिजवरचा, त्याचा बंगला हिंदुरावांनी घेतला. १८५७ च्या वेढ्यात इंग्रजी फौजेची सर्वांत पुढची आणि सर्वांत जास्त मारा सोसलेली चौकी याच घरात होती. हिंदुराव त्याआधीच, १८५५ च्या सुमारास, वारले होते. इंग्रजांच्या सगळ्या नकाशांत आणि रोजनिशांत ही जागा त्यांच्याच नावाने आहे. आज तेथे ‘हिंदुराव रुग्णालय’ आहे. उत्तर दिल्लीत रिक्षावाल्याला ‘हिंदुराव’ एवढे सांगितले की तो नेऊन सोडतो. तो हिंदुराव कागलचा घाटगे, हे ना त्याला ठाऊक असते ना बसणाऱ्याला.

शाहू महाराज. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. तेव्हा कागल थोरल्या पातीचे जयसिंगराव (आबासाहेब) घाटगे संस्थानचे रिजंट (राजप्रतिनिधी) होते. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी त्यांचा मुलगा यशवंतराव याला दत्तक घेतले. तेच छत्रपती शाहू महाराज. मातोश्री राधाबाई मुधोळच्या घोरपड्यांच्या. महाराजांचा जन्म कागलात झाल्याचे पुष्कळ ठिकाणी छापले जाते, पण जन्मस्थान कोल्हापूरलगत कसबा बावड्याचा लक्ष्मीविलास राजवाडा हे आहे. जन्मतारखेचाही वाद होता. पूर्वी २६ जुलै १८७४ ही तारीख मानत. नंतरच्या शोधाअंती २६ जून १८७४ ही स्वीकारली गेली आणि राज्यात त्या दिवशी सामाजिक न्याय दिन पाळला जातो. महाराजांचे धाकटे बंधू पिराजीराव (बापूसाहेब) कागलच्या गादीवर राहिले आणि संस्थानच्या कारभारात महाराजांचे विश्वासू होते. दत्तकविधानानंतर महाराजांचे आडनाव भोसले झाले, म्हणून त्यांची गणना ‘घाटगे’ या नोंदीत करावी की नाही, असा प्रश्न काही संकलकांनी काढला आहे. जनकघराणे म्हणून उल्लेख करणे योग्यच आहे.

धाकट्या पातीचे दत्ताजीराव घाटगे यांची कन्या संयोगिताराजे (मृत्यू १९३७) यांचा विवाह १९२४ मध्ये इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्याशी झाला. मराठा आणि धनगर या दोन समाजांतला हा संबंध शाहू महाराजांनी हयातीत मुद्दाम जमवला होता. तो पार पडलेला पाहायला ते राहिले नाहीत. छायाचित्रकार मॅन रे याने टिपलेल्या या दांपत्याच्या छबी जगभर प्रसिद्ध आहेत.

इतर व्यक्ती. प्राकृत आणि भाषाशास्त्राचे पंडित अमृत माधव घाटगे (१९१३–२००३) हे या नावाचे सर्वांत मोठे विद्वान. डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचे आणि नंतर भांडारकर संस्थेच्या प्राकृत कोशाचे ते प्रमुख संपादक. मराठी बोलींच्या पाहणीत त्यांनी कुडाळी, वारली, महाडकडची कुणबी, काणकोणची कोंकणी अशा बोलींची एकेक पुस्तके दिली. ध्वनींच्या नोंदीतला त्यांचा नेटकेपणा आजही अनुकरणीय आहे. सहकार आणि राजकारणात कागलचे विक्रमसिंह घाटगे (निधन २०१५) व त्यांचे चिरंजीव समरजितसिंह. शाहू सहकारी साखर कारखाना त्यांच्या नेतृत्वाखाली नावारूपाला आला. उद्योगात कोल्हापूरची ‘घाटगे-पाटील’ ही जोडनावाची पेढी. तिच्या ट्रकांमुळे हे नाव महाराष्ट्राच्या रस्त्यांवर पोहोचले. चित्रपटांत विजयेंद्र घाटगे (‘चितचोर’, १९७६) आणि त्यांची कन्या सागरिका घाटगे (‘चक दे! इंडिया’, २००७).

कुळाचार. शहाण्णव कुळांच्या याद्यांत घाटगे येतात. वंश, गोत्र आणि देवक यांबाबत छापील याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. घरातील चालत आलेला कुळाचारच प्रमाण मानावा. मराठा समाजाबाहेरही हे आडनाव आहे.

‘गाडगे’ हे आडनाव वेगळे. ते मडक्यावरून आले. संत गाडगेबाबांचे ते आडनाव नव्हते, हातातील गाडग्यावरून लोकांनी दिलेले नाव होते; त्यांचे आडनाव जानोरकर. घाटे, घाटपांडे, घाटणेकर यांचाही ‘घाटगे’शी कौटुंबिक संबंध नाही.