एकच संदेश, दोन बिघाड: लॉक झालेली डिस्क आणि तुटलेली स्नॅपशॉट साखळी

व्हर्च्युअल मशीन सुरू करायला जावे आणि ‘ही डिस्क किंवा ती ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांपैकी एखादी स्नॅपशॉट डिस्क उघडता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश समोर यावा, हा प्रसंग व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय होस्टवर (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवर) काम करणाऱ्यांच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. हा संदेश म्हणजे निव्वळ मथळा असतो. खरे कारण त्याच्या लगतच्या ओळीत दिलेले असते आणि घाईच्या वेळी नेमकी तीच ओळ वाचायची राहते. तिथे कधी ‘फाइल लॉक करता आली नाही’ असे लिहिलेले असते, तर कधी ‘चाइल्ड डिस्क तयार झाल्यानंतर पेरेंट डिस्कमध्ये बदल झाला आहे’ असे. पहिल्या बिघाडात डेटा बहुधा जागच्या जागी सुखरूप असतो, फक्त दुसऱ्या कुणीतरी तो धरून ठेवलेला असतो. दुसऱ्या बिघाडात कुणीच काही धरून ठेवलेले नसते, पण डेटा सुखरूप आहे की नाही हाच प्रश्न असतो. या दोहोंची गल्लत झाली तर नुकसान एकाच दिशेने होते: लॉकवर केलेला चुकीचा उपाय बऱ्याचदा दुसरा बिघाड निर्माण करतो.

हे का होते ते कळण्यासाठी एकमेकींवर अवलंबून असलेल्या या डिस्कांच्या साखळीची रचना जवळून पाहावी लागते. ‘लेखा’ नावाच्या मशीनची ४० जीबीची डिस्क आहे असे समजू. डेटास्टोअरमध्ये, म्हणजे होस्टच्या साठवणीच्या जागेत, तिच्या दोन फाइली असतात: ‘लेखा-फ्लॅट.व्हीएमडीके’ ही प्रत्यक्ष डेटा असलेली अवाढव्य फाइल, आणि ‘लेखा.व्हीएमडीके’ ही जेमतेम काही ओळींची मजकूर फाइल, जिला डिस्क्रिप्टर म्हणतात. स्नॅपशॉट (त्या क्षणीची स्थिती जपून ठेवणारी नोंद) घेतल्याबरोबर मूळ डिस्कवर लिहिणे थांबते आणि ‘लेखा-०००००१’ या नावाची नवी जोडी तयार होते; ही चाइल्ड आणि मूळ डिस्क तिची पेरेंट; पुढचे सर्व लेखन तिच्या डेल्टा फाइलमध्ये जाते. डेल्टामध्ये फक्त बदललेले ब्लॉक असतात. जो ब्लॉक तिच्यात नाही तो खालच्या डिस्कमधून वाचला जातो, त्यामुळे एकटी डेल्टा फाइल निरुपयोगी असते.

ही नाती डिस्क्रिप्टरमध्ये नोंदलेली असतात. मूळ डिस्कच्या डिस्क्रिप्टरमध्ये सीआयडी, म्हणजे आशयाची ओळख सांगणारा आठ अंकी हेक्स क्रमांक असतो. तो ४७१९६०२३ आहे असे धरू. तिला स्वतःची पेरेंट नसल्यामुळे तिच्या पेरेंट सीआयडीच्या ओळीत आठ वेळा ‘एफ’ हे अक्षर असते. चाइल्डच्या डिस्क्रिप्टरमध्ये तिचा स्वतःचा सीआयडी, पेरेंट सीआयडी म्हणून ४७१९६०२३ आणि पेरेंट फाइलचे नाव अशा तीन नोंदी असतात. डिस्क उघडून तिच्यावर पहिल्यांदा काही लिहिले गेले की तिचा सीआयडी बदलतो. म्हणूनच साखळी उघडताना चाइल्डकडची नोंद आणि पेरेंटचा आजचा क्रमांक यांचा मेळ बसला नाही, तर ईएसएक्सआय पुढे जायला नकार देते. लॉकचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही. लॉक म्हणजे व्हीएमएफएस फाइल प्रणालीने ‘ही फाइल सध्या अमुक होस्टच्या ताब्यात आहे’ अशी ठेवलेली नोंद.

आता लॉकचा बिघाड. त्याचे सर्वांत नेहमीचे रूप बॅकअपनंतर दिसते. बॅकअपचे सॉफ्टवेअर स्नॅपशॉट घेते, मूळ डिस्क आपल्या प्रॉक्सी मशीनला (बॅकअपसाठीच्या मदतनीस मशीनला) जोडून वाचते, काम संपले की ती काढून घेते आणि स्नॅपशॉट मिटवते. काम मध्येच कोलमडले तर डिस्क प्रॉक्सीला जोडलेलीच राहते. मग स्नॅपशॉट मिटवताना डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळण्यासाठी तिचा एकट्याचा ताबा लागतो आणि तो मिळत नाही. अशा वेळी स्नॅपशॉट मॅनेजर रिकामा दिसतो, पण मशीन मात्र ‘लेखा-०००००३’ वर चालू असते आणि व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या व्यवस्थापन प्रणालीत ‘डिस्क कन्सॉलिडेट करणे आवश्यक आहे’, म्हणजे उरलेल्या डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळायच्या आहेत, अशी सूचना झळकते. ही सूचना २०११ सालच्या ५.० या आवृत्तीपासून मिळते. त्याआधी अशा अनाथ डेल्टा फाइलींचा पत्ता डेटास्टोअर भरल्यावरच लागत असे. मशीन सुरळीत चालू असल्यामुळे या सूचनेकडे दुर्लक्ष होते, रोजच्या बॅकअपने रोज एक डेल्टा वाढत जाते आणि साखळी ३२ कड्यांच्या कमाल मर्यादेकडे सरकू लागते. (दोन-तीनपेक्षा जास्त स्नॅपशॉट ठेवू नयेत आणि कोणताही ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा व्हीएमवेअरचा सल्ला आहे. तो पाळला जात नाही, ही गोष्ट वेगळी.)

लॉक कुणाचा आहे हे अंदाजाने ठरवण्याची गरज नसते. होस्टच्या शेलमध्ये ‘व्हीएमकेएफएसटूल्स’ ही आज्ञा मोठ्या ‘डी’ पर्यायासह फ्लॅट किंवा डेल्टा फाइलवर चालवली की लॉकचा प्रकार आणि मालक दिसतो. प्रकार ० म्हणजे लॉक नाही, १ म्हणजे एकाच होस्टचा पूर्ण ताबा, २ म्हणजे केवळ वाचनासाठीचा ताबा आणि ३ म्हणजे अनेकांना लिहिण्याची मुभा. मालकाच्या लांबलचक क्रमांकातील शेवटचे बारा हेक्स अंक हा त्या होस्टच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता असतो. तो जुळवला की होस्ट सापडतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. चालू मशीनच्या मूळ डिस्कवर प्रकार २ चा लॉक असणे हे दोषाचे लक्षण नाही, कारण स्नॅपशॉट असताना ती केवळ वाचली जाते. शोधायचा असतो तो दुसरा, अनपेक्षित वाचक, आणि तो बहुधा प्रॉक्सीच असतो. प्रॉक्सीच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परकी डिस्क काढून टाकावी. मात्र ‘डेटास्टोअरवरून फाइलीही मिटवा’ हा पर्याय निवडलेला नाही, याची दोनदा खात्री करून घ्यावी. त्या एका खुणेमुळे साध्या लॉकचे रूपांतर कायमच्या नुकसानीत होऊ शकते. मालक होस्ट सापडला पण त्याच्यावर डिस्क धरणारे कोणतेही मशीन दिसले नाही, तर त्या होस्टची व्यवस्थापन सेवा पुन्हा सुरू करणे आणि तेही निष्फळ ठरल्यास बाकीची मशीन हलवून तो होस्टच रीबूट करणे, हा क्रम बहुधा पुरतो. या सर्व उपायांत डिस्क्रिप्टरला हात लावण्याचे कारण एकदाही येत नाही.

दुसऱ्या बिघाडात नेमके उलट असते: सेवा कितीही वेळा सुरू करा, होस्ट रीबूट करा, संदेश तसाच राहतो, कारण क्रमांक डिस्कवर लिहिलेले आहेत. मशीनच्या फोल्डरमधील लॉग फाइल उघडली तर कोणत्या दोन फाइलींचे क्रमांक जुळत नाहीत हेही तिथे लिहिलेले आढळते. हा बिघाड बहुधा दबा धरून असतो. साखळी उघडतानाच तपासणी होत असल्याने, आधीपासून चालू असलेल्या मशीनला काही जाणवत नाही आणि पुढच्या वेळी ते बंद करून सुरू केले की बिघाड उघडकीस येतो. त्यामुळे कारण आणि लक्षण यांच्यात कधी कधी कित्येक दिवसांचे अंतर पडते.

सीआयडीचा न जुळणारा क्रमांक हा स्वतः आजार नाही, तो साक्षीदार आहे. तो फक्त एवढेच सांगतो की चाइल्डला माहीत असलेली पेरेंट आणि आजची पेरेंट यांत फरक आहे. हा फरक दोन प्रकारचा असू शकतो. अर्धवट राहिलेले स्थलांतर, मध्येच तुटलेले कन्सॉलिडेशन किंवा चुकीच्या जागेवरून परत आणलेली डिस्क्रिप्टर फाइल यांमुळे कधी केवळ नोंद मागेपुढे झालेली असते आणि फ्लॅट फाइलमधील डेटा अबाधित असतो. याउलट कधी मूळ डिस्क थेट उघडून तिच्यावर खरोखरच लिहिले गेलेले असते. दोन्ही प्रकारांत संदेश अक्षरशः सारखाच येतो. डिस्क्रिप्टरमध्ये क्रमांक दुरुस्त केला की दोन्ही प्रकारांत मशीन सुरूही होते, आणि या उपायाचा धोका नेमका इथे आहे: साक्षीदाराला गप्प केल्याने घटना घडली नाही असे होत नाही.

एका ठिकाणी हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. डेटास्टोअरवरून डेल्टा फाइलची प्रत घेताना ती प्रक्रिया अर्ध्यावर अडकली होती आणि त्यामुळे सर्वांत वरच्या डेल्टावर लॉक राहिला होता. मशीन सुरू होईना. लगतची ओळ न वाचता एका सहकाऱ्याने ‘स्नॅपशॉटच खराब झाला’ असा निष्कर्ष काढला, सेटिंगमधून डेल्टा काढून मूळ डिस्क जोडली आणि मशीन सुरू केले. मूळ डिस्क मोकळी असल्याने ते विनातक्रार सुरू झाले. दहा मिनिटांनी वापरणाऱ्यांच्या लक्षात आले की गेल्या तीन आठवड्यांचे कामच दिसत नाही. मग लॉक सोडवून पुन्हा डेल्टा जोडली, तेव्हा सीआयडीचा संदेश उभा राहिला. त्या दहा मिनिटांत कुणी काही टंकले नव्हते, पण ऑपरेटिंग सिस्टिम नुसती सुरू झाली तरी फाइल प्रणालीचा जर्नल, लॉग, पेजिंग फाइल आणि तात्पुरत्या फाइली यांच्या रूपाने शेकडो ब्लॉक लिहिले जातात. कोणता ब्लॉक कुणाचा हे सांगणाऱ्या तीन आठवड्यांपूर्वीच्या नकाशाप्रमाणे जे ब्लॉक रिकामे किंवा आपले होते, त्यांवर हे लेखन झाले आणि डेल्टामध्ये असलेला नवा नकाशा त्या ब्लॉकांत वेगळेच काही आहे असे मानत होता. क्रमांक जुळवल्यावर मशीन उठले, फाइल प्रणालीच्या तपासणीत विसंगती निघाल्या, आणि डेटाबेस दुसऱ्या डिस्कवर होता म्हणूनच काम निभावले.

अशा वेळी मी ज्या क्रमाने जातो तो असा. आधी सर्व डिस्क्रिप्टरच्या प्रती काढून ठेवायच्या. जागा असेल तर संपूर्ण फोल्डरचीच. मशीनच्या व्हीएमएक्स (सेटिंगच्या) फाइलमधून सर्वांत वरची डिस्क कोणती ते पाहायचे आणि पेरेंट फाइलच्या नावाच्या नोंदीवरून एकेक पायरी खाली उतरत मूळ डिस्कपर्यंत यायचे. जिथे मेळ तुटला असेल तिथे चाइल्डच्या डिस्क्रिप्टरमधील पेरेंट सीआयडी बदलून पेरेंटच्या आजच्या क्रमांकाइतका करायचा. पेरेंटचा स्वतःचा क्रमांक बदलू नये; नोंदी जितक्या कमी बदलाव्या लागतील तितके बरे. डिस्क्रिप्टरमधील डिस्कचा आकार सांगणाऱ्या (एक्स्टेंटच्या) ओळीतील सेक्टरांची संख्याही याच वेळी पडताळावी. ४० जीबीच्या डिस्कसाठी ती सर्व कड्यांत ८,३८,८६,०८० असायला हवी, आणि मूळ डिस्कवर ती मोठी दिसली तर स्नॅपशॉट असताना कुणीतरी शेलमधून डिस्क वाढवली आहे हे उघड होते (व्हीस्फिअरच्या पडद्यावरून तसे करू दिले जात नाही). मग ‘व्हीएमकेएफएसटूल्स’ लहान ‘ई’ पर्यायासह सर्वांत वरच्या डिस्कवर चालवले की साखळी सुसंगत आहे की नाही हे कळते. मात्र ही सुसंगतता फक्त नोंदींची असते, हे विसरू नये. त्यानंतर थेट मशीन सुरू न करता साखळीचा क्लोन एका नव्या डिस्कवर काढून, नेटवर्क तोडून तो सुरू करावा आणि फाइल प्रणालीची तपासणी त्या क्लोनवरच करावी. क्लोनपुरती जागा नसेल तर निदान नवा स्नॅपशॉट घेऊन मगच सुरू करावे, म्हणजे तपासणीने केलेले बदल वेगळ्या डेल्टामध्ये राहतील.

हा भेद व्हीएमवेअरपुरता नाही, पण प्रत्येक प्रणालीचा स्वभाव वेगळा आहे. मायक्रोसॉफ्टची हायपर-व्ही ही प्रणाली पेरेंट आणि चाइल्डमधील ओळखक्रमांक जुळत नसल्याचे स्पष्ट सांगते आणि ‘सेट-व्हीएचडी’ या आज्ञेत तो विरोध डावलण्याची सोयही देते. ती सोय वापरतानाही वरचाच धोका असतो. क्यूईएमयू या मुक्त-स्रोत प्रणालीत २०१७ सालच्या २.१० आवृत्तीपासून प्रतिमेवर (डिस्कच्या फाइलवर) लॉक लावला जातो आणि ‘दुसरी प्रक्रिया ही प्रतिमा वापरत आहे का’ असे विचारले जाते. पण तिच्या क्यूकॉव२ या प्रकारच्या प्रतिमेत आधारभूत फाइलचे फक्त नाव असते, तिच्या आशयाचा क्रमांक नसतो. त्यामुळे तिथे मूळ प्रतिमेवर चुकून लिहिले गेले तर दुसऱ्या प्रकारचा संदेश कधीच येत नाही आणि बिघडलेली साखळी निमूटपणे उघडते. व्हीएमवेअरच्या त्या त्रासदायक नकाराकडे मी हे कळल्यापासून थोड्या आदराने पाहतो.

दोन्ही बिघाड एकाच वेळी असू शकतात, आणि अशा वेळी क्रम महत्त्वाचा ठरतो. मूळ डिस्क दुसऱ्याच एखाद्या मशीनला लिहिण्यासाठी जोडलेली असेल, तर तिच्यावर पूर्ण ताब्याचा लॉक दिसतो आणि सीआयडीही जुळत नाही. तिथे आधी लॉकचा मालक शोधून ती डिस्क त्याच्यापासून सोडवावी आणि नंतरच क्रमांक वाचावेत, कारण धरून ठेवणाऱ्याने मधल्या काळात डिस्क पुन्हा उघडून एकदा जरी लिहिले तरी आपण नुकताच जुळवलेला क्रमांक पुन्हा शिळा होतो.