उत्तरामागचे सूत्र उघडून पाहता येते तेव्हा

२, ४, ४, ४, ५, ५, ७ आणि ९ या आठ संख्या घ्या. त्यांची सरासरी ५ येते, आणि कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ती ५ च येते. आता याच संख्या सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन काढू. पायथन भाषेतील नमपाय हे साधन, वेगळे काही न सांगता विचारले, तर २ हे उत्तर देते. त्याच पायथनमधील पांडाज २.१४ सांगते, आणि खास संख्याशास्त्रासाठी घडवलेली आर ही भाषाही २.१४ च सांगते.

यांपैकी कोणीही चुकलेले नाही. प्रत्येक संख्येचे सरासरीपासूनचे अंतर काढून त्याचा वर्ग केला, की आठही वर्गांची बेरीज ३२ भरते. तिला ८ ने भागून वर्गमूळ घेतले तर २ येतात आणि ७ ने भागून घेतले तर २.१४. या आठ संख्या म्हणजेच अभ्यासाचा संपूर्ण विषय असेल, तर ८ ने भागणे योग्य ठरते. त्या एखाद्या मोठ्या समूहातून उचललेला नमुना असतील, तर ७ ने भागतात. कारण सरासरीही त्याच नमुन्यावरून काढलेली असल्यामुळे तिच्यापासूनच्या अंतरांचे वर्ग समूहाच्या खऱ्या सरासरीच्या तुलनेत कमी भरतात आणि एकाने लहान भाजक ही तूट भरून काढतो.

तिसऱ्या चतुर्थकाची, म्हणजे ज्याच्या खाली तीन चतुर्थांश संख्या येतात त्या मूल्याची, गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. याच आठ संख्यांसाठी ते ५.५, ६ किंवा ६.५ येऊ शकते आणि तिन्ही पद्धती वापरात आहेत. आरमध्ये चतुर्थक काढण्याच्या एकूण नऊ पद्धती उपलब्ध असून, आपण काही सांगितले नाही तर ती सातवी पद्धत वापरते आणि ५.५ हे उत्तर देते. थोडक्यात, विश्लेषणाचे सॉफ्टवेअर आपल्या वतीने सतत निवडी करत असते. त्या निवडी पाहता येतात की नाही, हा प्रश्न मला किमतीच्या प्रश्नापेक्षा फार मोठा वाटतो.

मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ही इथे मोठीच सोय आहे. मोफत सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, एवढेच. मुक्त सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरता येते, त्याची मूळ संहिता, म्हणजे ते ज्या आज्ञांवर चालते त्यांचा मजकूर, वाचता येते, ती बदलता येते आणि बदललेली प्रत इतरांना देता येते. आरमध्ये हे वाचणे किती सोपे आहे पाहा. प्रमाण विचलन काढणाऱ्या आज्ञेचे नाव कंस न लावता नुसते टंकित करून एंटर दाबले, की उत्तराऐवजी त्या आज्ञेची संहिताच पडद्यावर उमटते. ती जेमतेम दोन-तीन ओळींची आहे: आधी विचरण, म्हणजे वर्गांच्या बेरजेला भागून येणारी संख्या, काढा, मग त्याचे वर्गमूळ घ्या. ते विचरण नेमके कसे काढले जाते, हे पाहायचे असेल तर सी भाषेतील संहितेपर्यंत उतरावे लागते. पण तिथेही दार बंद नाही.

आरचे मूळ बेल लॅबोरेटरीजमध्ये जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ पासून विकसित केलेल्या एस या भाषेत आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एससारखीच एक भाषा लिहायला घेतली आणि १९९५ मध्ये ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली केली. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आज क्रॅन या तिच्या मध्यवर्ती भांडारात वीस हजारांहून अधिक पॅकेजे, म्हणजे आरला जोडता येणारे आज्ञांचे संच, आहेत. ज्यांना आज्ञा लिहिण्याची सवय नाही, त्यांच्यासाठी पीएसपीपी, जास्प आणि जामोवी ही मेनूवर चालणारी मुक्त सॉफ्टवेअर आहेत, तर अर्थमितीसाठी, म्हणजे आर्थिक आकडेवारीच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणासाठी, ग्रेटल आहे. तरीही ज्याला हे काम वारंवार करायचे आहे, त्याने आज्ञा लिहायला शिकावे असे मी आग्रहाने सांगेन. मेनूतून केलेल्या निवडी सहज विस्मरणात जातात. लिहिलेल्या आज्ञांची फाइल मात्र सहा महिन्यांनी दुसऱ्या माणसानेही ओळीओळीने तपासता येते.

मुक्त म्हणजे निर्दोष, असे मात्र कोणी समजू नये. क्रॅनवर पॅकेज स्वीकारताना ते नीट बसते का आणि त्यातील उदाहरणे चालतात का, हे तपासले जाते. त्यामागची संख्याशास्त्रीय पद्धत योग्य आहे का, याची हमी त्यातून मिळत नाही. इतकेच काय, खुद्द आरच्या गाभ्यातही एक दोष बराच काळ होता. मोठ्या यादीतून यादृच्छिक नमुना निवडताना ती ० ते १ यांच्यामधला एक यादृच्छिक अपूर्णांक घेई, त्याला यादीच्या लांबीने गुणी आणि दशांश भाग छाटून क्रमांक ठरवी. संगणकाच्या त्या अपूर्णांकाला सुमारे ४२९ कोटी वेगवेगळ्या किमतीच घेता येत होत्या. यादी लहान असेल तर याने काहीच बिघडत नाही. पण यादी सुमारे १७२ कोटींची असेल, तर प्रत्येक क्रमांकाच्या वाट्याला सरासरी अडीच किमती येतात. अर्धी किंमत तर देता येत नाही, म्हणून एका क्रमांकाला तीन आणि शेजारच्याला दोन, असे वाटप होते. परिणामी विषम क्रमांक ६० टक्के वेळा आणि सम क्रमांक ४० टक्के वेळा निवडले जात होते.

संहिता सर्वांसमोर असल्यामुळे संशोधकांना हा दोष सूत्रापर्यंत माग काढून दाखवता आला. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या ३.६.० या आवृत्तीत पद्धत बदलण्यात आली: आता पुरेसे यादृच्छिक बिट (० किंवा १ हे अंक) घेऊन पूर्णांक बनवला जातो आणि तो यादीच्या बाहेर पडला तर टाकून देऊन नवा घेतला जातो. जुनी पद्धत काढून टाकलेली नाही. एक पर्याय लिहून ती आजही वापरता येते, म्हणजे २०१९ पूर्वीचे विश्लेषण पुन्हा चालवून तेव्हाचा नमुना जसाच्या तसा मिळवता येतो आणि नव्या पद्धतीने निष्कर्ष बदलतो का, हेही त्याच्या शेजारी ठेवून पाहता येते.